हेवी-लाइट लेबलिंग आणि मास स्पेक: बडोद्याच्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी मराठी, शाळेत गुजराती आणि प्रयोगशाळेत इंग्रजी अशा तीन भाषांत वाढलेल्या बडोद्याच्या कितीतरी मुलामुलींची एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करताना मास स्पेकशी, म्हणजे रेणूंचं वजन मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटर यंत्राशी, पहिली गाठ पडते. हेवी-लाइट लेबलिंगमध्ये एका नमुन्यातल्या प्रथिनांना जड समस्थानिकांची (त्याच मूलद्रव्याच्या जास्त वजनाच्या अणूंची) खूण लावतात, तो हेवी; दुसरा साधा, तो लाइट; आणि दोन्ही एकत्र मोजतात. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रयोग जिथे हमखास बिघडतो तिथे जास्त लिहिलं आहे, बाकी ठिकाणी थोडक्यात आटोपलं आहे.

या पद्धतीत नेमकं मोजतात काय?

गुणोत्तर. औषध दिलेल्या पेशींत एखादं प्रथिन औषध न दिलेल्या पेशींच्या किती पट आहे, एवढंच. त्या प्रथिनाचे एका पेशीत किती रेणू आहेत, किंवा ते दुसऱ्या एखाद्या प्रथिनापेक्षा जास्त आहे का, याचं उत्तर यातून मिळत नाही.

प्रथिनं ट्रिप्सिन या एन्झाइमने कापली की त्यांचे छोटे तुकडे, म्हणजे पेप्टाइड, होतात, ते विद्युतभारित होऊन यंत्रात शिरतात आणि यंत्र त्यांचं वस्तुमान-भार गुणोत्तर मोजतं. अडचण अशी की प्रत्येक पेप्टाइडची भारित होण्याची कुवत निराळी असते. दोन पेप्टाइड अगदी सारख्या प्रमाणात असले तरी यंत्राच्या आलेखात (वर्णपटात) एकाचं शिखर उंच आणि दुसऱ्याचं जेमतेम दिसणारं, असं सर्रास घडतं. म्हणून वेगवेगळ्या पेप्टाइडांच्या शिखरांची उंची एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. पण एकाच पेप्टाइडच्या दोन प्रती घेतल्या, एक साध्या अणूंची आणि एक जड समस्थानिकांची, तर त्यांचं रसायन जवळपास सारखंच राहतं. दोन्ही सारख्याच भारित होतात, फरक फक्त वजनाचा. त्या दोन शिखरांची तुलना मात्र न्याय्य असते. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

समस्थानिक म्हटलं की किरणोत्सर्ग आला ना? घरचे काळजी करतात.

घरच्यांना निःशंक सांगा की यात किरणोत्सर्ग नाही. इथे वापरतात ते कार्बन-१३, नायट्रोजन-१५, ऑक्सिजन-१८ आणि ड्युटेरियम. चारही स्थिर आहेत. निसर्गातल्या कार्बनपैकी साधारण १.१ टक्के कार्बन-१३ असतोच, म्हणजे रोजच्या पोळीत आणि दुधातही तो आहे. भीतीचं मूळ जुन्या पद्धतीत आहे. पूर्वी नव्याने तयार होणारी प्रथिनं ओळखायला गंधक-३५ असलेलं मेथिओनिन वापरत. ते किरणोत्सर्गी, अर्धायुष्य सुमारे ८७ दिवसांचं, आणि त्यासाठी परवाना, वेगळी खोली, छातीवर बिल्ला असं सगळं लागायचं.

बडोदेकरांना तर समस्थानिक शेजारचेच. फर्टिलायझरनगरमध्ये खत कारखान्याला लागून जड पाण्याचा प्रकल्प १९७७ साली सुरू झाला. अमोनिया आणि हायड्रोजन यांच्यातल्या अदलाबदलीतून तिथे ड्युटेरियम वेगळं केलं जाई. जड पाणी अणुभट्टीसाठी लागतं म्हणून तेही किरणोत्सर्गी असणार असं लोकांना वाटतं, पण ते तसं नसतं. हॅरोल्ड युरी यांनी ड्युटेरियम शोधलं १९३१ साली. त्यानंतर काही वर्षांतच रुडॉल्फ शोनहायमर यांनी ड्युटेरियम आणि नायट्रोजन-१५ ची खूण केलेलं अन्न प्राण्यांना देऊन दाखवलं की शरीरातली प्रथिनं सतत मोडतात आणि नव्याने बनतात. आजच्या सगळ्या लेबलिंगची मुळं तिथे आहेत.

वेस्टर्न ब्लॉट असताना हा खटाटोप कशाला?

वेस्टर्न ब्लॉट म्हणजे अँटिबॉडीने एखादं ठरावीक प्रथिन ओळखण्याची चाचणी. एकाच प्रथिनाबद्दल प्रश्न असेल आणि चांगली अँटिबॉडी हाताशी असेल तर ब्लॉटच करा. कुठलं प्रथिन बदललं हेच माहीत नसेल तेव्हा मास स्पेककडे या.

सिलॅक म्हणजे काय?

पेशींना खाण्यातूनच खूण लावायची. माथियास मान यांच्या डेन्मार्कमधल्या ओडेन्से इथल्या गटाने ही पद्धत २००२ साली मांडली. वाढमाध्यमातून लायसिन आणि आर्जिनिन ही दोन अमिनो आम्लं काढून टाकतात. एका फ्लास्कमध्ये ती साधी घालतात, दुसऱ्यात जड. माणसाच्या पेशींना लायसिन स्वतः बनवता येत नाही, त्यामुळे जे समोर येईल तेच त्या वापरतात. ट्रिप्सिन नेमकं लायसिन आणि आर्जिनिनच्या पुढे कापतं, म्हणून प्रथिनाचं शेवटचं टोक सोडलं तर प्रत्येक पेप्टाइडच्या अखेरीस निदान एक खूण येतेच. ही जुळणी मला आजही सुंदर वाटते.

सहा कार्बन-१३ आणि दोन नायट्रोजन-१५ असलेलं लायसिन ८.०१४ डाल्टनने (डाल्टन हे रेणूंच्या वजनाचं एकक) जड असतं. सहा कार्बन-१३ आणि चार नायट्रोजन-१५ असलेलं आर्जिनिन १०.००८ डाल्टनने. पण वर्णपटात आठचं अंतर शोधत बसू नका. दोन भार असलेल्या पेप्टाइडची लायसिन-जोडी ४ च्या अंतरावर दिसते, तीन भारांची सुमारे २.६७ वर.

हे काम बिघडतं ते बहुधा वाढमाध्यमाच्या टप्प्यावर. नेहमीच्या सीरममध्ये साधी अमिनो आम्लं भरपूर असतात, ती हेवी फ्लास्कमध्ये शिरून खूण पातळ करतात. म्हणून डायलिसिस केलेलं, म्हणजे लहान रेणू काढून टाकलेलं, सीरमच घ्या, महाग असलं तरी. पेशींना निदान पाच वेळा दुप्पट होऊ द्या. जुनं एकही प्रथिन मोडलं नाही असं धरलं तरी पाच दुपटींनंतर त्याचा वाटा १/३२, म्हणजे ३ टक्क्यांच्या आसपास उरतो. मग फक्त हेवी नमुना यंत्रावर चालवून बघा की साधं शिखर खरंच नाहीसं झालंय का. ही तपासणी टाळू नका. जड खूण ९५ टक्केच बसली असेल, तर लाइट बाजूला मुळीच नसलेलं प्रथिनसुद्धा १९ पटींच्या वर जाऊ शकत नाही, आणि हे निष्कर्ष लिहिताना कळलं तर फार उशीर झालेला असतो.

आणखी एक खोड आर्जिनिनची. काही पेशी त्याचं प्रोलिन बनवतात. मग प्रोलिन असलेल्या पेप्टाइडांचं हेवी शिखर दोन ठिकाणी विभागतं आणि गुणोत्तर खोटं निघतं. माध्यमात जादा प्रोलिन घाला, आर्जिनिनची मात्रा कमी करून पाहा, किंवा नुसत्या लायसिनला खूण लावून ट्रिप्सिनऐवजी फक्त लायसिनपाशी कापणारं लायस-सी हे एन्झाइम वापरा.

दोन नमुने नेमके केव्हा मिसळायचे?

जमेल तितक्या लवकर. या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

दोन घरांचं धान्य गिरणीत वेगवेगळं दळलं तर कुणाचं किती पीठ जात्यात अडकलं ते सांगता येत नाही. मिसळून दळलं तर जे काही वाया जाईल ते दोघांचं मूळ प्रमाणातच जाईल. प्रयोगशाळेतही तेच. पेशी फोडताना, जेलवर चालवताना, ट्रिप्सिनने कापताना, मीठ काढताना, प्रत्येक पायरीवर थोडं हरवतं. मिसळून झाल्यावर हरवलेलं दोन्ही बाजूंचं समान हरवतं, म्हणून गुणोत्तराला धक्का लागत नाही. मिसळण्याआधी हरवलेलं मात्र तुमच्या जैविक निष्कर्षात बेमालूम मिसळून जातं आणि नंतर कुठलंही गणित ते वेगळं करू शकत नाही.

सिलॅकची खरी ताकद यातच आहे. तिथे पेशी किंवा त्यांचा लायसेट (पेशी फोडून मिळालेला द्रव) सुरुवातीलाच एकत्र करता येतो. रासायनिक लेबलिंगमध्ये, म्हणजे पेप्टाइडला रसायनाने खूण चिकटवताना, ती ट्रिप्सिननंतर लागते, तोवर नमुने वेगळेच ठेवावे लागतात. म्हणून तिथे सगळे नमुने एकाच दिवशी, एकाच बाटलीतल्या ट्रिप्सिनने, एकाच हाताने तयार करा. सोमवारी कंट्रोल आणि गुरुवारी ट्रीटमेंट असं करू नका.

मिसळताना पिपेट थोडी कमी-जास्त झाली तर सगळीच गुणोत्तरं एका बाजूला सरकतात, आणि ती मध्यकाच्या आधारे जागेवर आणता येतात. त्यामागे एक गृहीतक आहे: बहुतेक प्रथिनं बदललेली नाहीत. संपूर्ण पेशीच्या लायसेटसाठी ते सहसा खरं असतं. अँटिबॉडीने ओढून काढलेल्या संकुलासाठी किंवा पेशींनी बाहेर सोडलेल्या द्रवासाठी ते खरं नसतं, आणि तिथे मध्यक जुळवणं म्हणजे खरा फरक पुसून टाकणं.

माझ्याकडे पेशी नाहीत. रक्त आहे, ऊती आहेत, पानं आहेत. मग?

मग रासायनिक लेबलिंग. विद्यार्थ्याच्या बजेटला डायमिथाइल पद्धत सगळ्यात झेपते. फॉर्माल्डिहाइड आणि सोडियम सायनोबोरोहायड्राइड वापरून पेप्टाइडच्या प्रत्येक अमाइन गटावर दोन मिथाइल गट चढवायचे. अभिकारकांतल्या समस्थानिकांप्रमाणे वजन २८, ३२ किंवा ३६ ने वाढतं, म्हणजे तीन नमुने एकत्र मोजता येतात. आर्जिनिनवर संपणाऱ्या पेप्टाइडमध्ये लगतच्या दोन खुणांचं अंतर ४, लायसिनवर संपणाऱ्यात ८, कारण लायसिनला अमाइन जास्तीचं. काम फ्यूम हूडमध्येच करा. सायनोबोरोहायड्राइड आम्लाच्या संपर्कात आलं तर विषारी वायू सुटतो.

यात ड्युटेरियम असल्यामुळे जड पेप्टाइड कॉलममधून (यंत्राआधी पेप्टाइड वेगळे करणाऱ्या नळीतून) किंचित आधी बाहेर पडतो. एकाच क्षणीच्या स्कॅनवर विसंबू नका, दोन्ही शिखरांचं पूर्ण क्षेत्रफळ घ्या.

ऑक्सिजन-१८ च्या पाण्यात ट्रिप्सिन वापरून शेवटच्या टोकाचे दोन ऑक्सिजन बदलण्याची पद्धतही आहे. अदलाबदल अर्धवट राहते आणि हिशोब चिघळतो, त्यामुळे मी ती नवख्यांना सुचवत नाही.

टीएमटी आणि आयट्रॅक यांत वेगळं काय?

ही दोन्ही तयार मिळणारी रासायनिक लेबलं. इथे सगळ्या खुणांचं एकूण वजन सारखंच ठेवलेलं असतं. पहिल्या स्कॅनमध्ये सगळे नमुने एकाच शिखरात दिसतात. पेप्टाइड यंत्रात फोडला की खुणेचा एक छोटा तुकडा सुटतो, आणि त्या तुकड्याचं वजन नमुन्यागणिक वेगळं असतं. चार नमुन्यांच्या आयट्रॅकमध्ये हे तुकडे ११४ ते ११७ वर येतात. आठ नमुन्यांच्या संचात ११३ ते ११९ आणि थेट १२१ आहे. १२० सोडून दिला, कारण फेनिलअ‍ॅलनिनचा स्वतःचा तुकडा नेमका तिथे पडतो. टीएमटीच्या एका संचात अठरा नमुने एकत्र जातात. त्यातले काही तुकडे एकमेकांपासून जेमतेम ०.००६ डाल्टनने वेगळे असतात, तेव्हा यंत्राची विभेदनक्षमता उत्तम हवीच.

सोय मोठी आहे, पण तिची किंमत मोजावी लागते. यंत्र एक पेप्टाइड उचलतं तेव्हा जवळपास त्याच वजनाचे दुसरे पेप्टाइडही सोबत येतात. त्यांतले बहुतेक न बदललेले असतात, आणि त्यांचे तुकडे तुमच्या गुणोत्तराला १ कडे खेचतात. खरा फरक आठपट असला तरी कागदावर तो बराच कमी दिसू शकतो. तुकड्यांचे पुन्हा तुकडे करणारी तीन टप्प्यांची पद्धत हे बरंच सुधारते, पण त्यासाठी तसं यंत्र लागतं. सुविधाकेंद्राला आधी विचारून घ्या. नमुने एका संचात मावत नसतील तर प्रत्येक संचात एक जागा सगळ्या नमुन्यांच्या मिश्रणासाठी राखून ठेवा, नाहीतर संच एकमेकांशी जोडता येणार नाहीत.

माझं मत: दोन किंवा तीन अवस्था असतील तर सिलॅक किंवा डायमिथाइल, सहाच्या पुढे नमुने असतील तर टीएमटी.

लेबल लागलंच नाही. काय चुकलं असेल?

बफर बघा. ट्रिस आणि अमोनियम बायकार्बोनेट दोन्हींत लेबलशी अभिक्रिया करणारा नायट्रोजन आहे. तुमचं महागडं अभिकारक पेप्टाइडला सोडून बफरलाच चिकटतं. हेप्स किंवा टीईएबी वापरा.

रिप्लिकेट किती घ्यावे आणि लेबल उलटवायचं कशासाठी?

स्वतंत्र जैविक रिप्लिकेट, म्हणजे नव्या पेशींपासून पुन्हा केलेले प्रयोग, तीनपेक्षा कमी नकोत. एकच नमुना तीनदा यंत्रावर चालवला तर यंत्राची सुसंगती कळते, जीवशास्त्र कळत नाही.

लेबल उलटवणं म्हणजे एकदा कंट्रोल लाइट आणि ट्रीटमेंट हेवी, पुढच्या रिप्लिकेटमध्ये नेमकं उलट. खरोखर बदललेल्या प्रथिनाचं गुणोत्तर मग उलटं झालं पाहिजे, ३ चं १/३. जे उलटत नाही ते संशयास्पद. तुमच्या त्वचेतून आणि केसांतून पडलेलं केराटिन कायम लाइटच असतं, कारण तुम्ही हेवी लायसिन खाल्लेलं नाही. एकाच दिशेने लेबल केलं तर हे केराटिन ‘ट्रीटमेंटमुळे कमी झालेलं प्रथिन’ बनून यादीत अगदी वर येऊन बसतं. उलटवलं की लगेच उघडं पडतं.

याच्याही आधी एक प्रयोग जरूर करा: एकाच अवस्थेतल्या हेवी आणि लाइट पेशी १:१ मिसळून चालवा. सगळी गुणोत्तरं १ च्या आसपास यायला हवीत. ती किती पसरतात ते बघा. तो पसारा म्हणजे तुमच्या हाताची आणि यंत्राची स्वतःची चूक, आणि त्याच्या आत पडणाऱ्या कुठल्याही फरकाबद्दल बोलण्याचा हक्क तुम्हाला नाही.

१.५ पट वाढलं म्हणजे वाढलं का?

वरच्या १:१ प्रयोगावर अवलंबून. गुणोत्तरं दोन पायाच्या लॉगरिदममध्ये बदलून घ्या म्हणजे दुप्पट +१ वर आणि निम्मं –१ वर येतं, दोन्ही दिशांना सारखा न्याय मिळतो. मग संख्याशास्त्र. ३००० प्रथिनं तपासली आणि ०.०५ ची मर्यादा ठेवली तर काहीही बदललेलं नसताना १५० प्रथिनं निव्वळ योगायोगाने ‘महत्त्वाची’ ठरतील. असे योगायोग आवरणारी बेंजामिनी-हॉखबर्ग सुधारणा किंवा तिच्यासारखं काहीतरी लावल्याशिवाय यादी गाइडसमोर ठेवू नका. एकाच पेप्टाइडवर उभं असलेलं गुणोत्तर वेगळं काढून ठेवा आणि त्याचा मूळ वर्णपट स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

फॉस्फोपेप्टाइडचं (फॉस्फेट गट चढलेल्या पेप्टाइडचं) गुणोत्तर वाढलं म्हणजे फॉस्फोरिलेशन वाढलं असंही नाही. प्रथिनच वाढलं असेल. दोन्ही मोजा.

मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी आहे, औषध कंपनीत एलसी-एमएस हाताळलं आहे. हे जमेल का?

जीवशास्त्राच्या बऱ्याच विद्यार्थ्यांपेक्षा सोपं जाईल. त्रिभुवनदास गज्जरांचं कलाभवन बडोद्यात १८९० साली उभं राहिलं आणि अलेम्बिक १९०७ साली. रसायनशाळेत काम केलेली माणसं या शहरात घरोघर सापडतात. रक्तातल्या औषधाचं प्रमाण मोजताना त्याच औषधाची ड्युटेरियमवाली प्रत ठरावीक मात्रेत घालतात, ते तुम्ही केलं असेल. तत्त्व अगदी तेच. तिथे एका रेणूसाठी करायचं ते इथे हजारो पेप्टाइडांसाठी करायचं.

तुम्हाला नवं जाईल ते प्रथिनांची ओळख पटवणं. एकच पेप्टाइड दोन-तीन सख्ख्या प्रथिनांत असू शकतो, आणि मग त्याचं गुणोत्तर कुणाच्या नावावर टाकायचं हा प्रश्न उरतो.

प्रथिनाचं खरं प्रमाण, म्हणजे किती मोल, तेच हवं असेल तर?

त्या प्रथिनाचा एक पेप्टाइड जड समस्थानिकांसह कृत्रिमरीत्या बनवून घ्या आणि मोजून घाला. २००३ साली आलेली अ‍ॅक्वा पद्धत ती हीच. ट्रिप्सिनने काप पूर्ण झालेला असणं इथे फार महत्त्वाचं, कारण कृत्रिम पेप्टाइडला कापावं लागत नाही.

नमुने बाहेरगावी पाठवायचे आहेत. बडोद्याहून पाठवताना काय सांभाळावं?

मुंबईच्या आयआयटीत आणि बंगळुरूच्या सी-कॅम्पमध्ये बाहेरच्यांचे नमुने घेणाऱ्या सुविधा आहेत. मे महिन्यात बडोद्याचा पारा ४० च्या वर असतो. तेव्हा लायसेट बर्फात घालून पाठवण्याचा धोका पत्करू नका. पेप्टाइडपर्यंतचं काम इथेच उरका, सी-१८ कॉलमवर मीठ काढा, निर्वातात पूर्ण कोरडे करा आणि मग पाठवा. कोरडे पेप्टाइड प्रवास बरा सोसतात. पार्सल सोमवारी टाका म्हणजे शनिवार-रविवार गोदामात पडून राहणार नाही. उत्तरायणाचे दोन दिवस आणि दिवाळीचा आठवडा तर टाळाच.

डिटर्जंटबद्दल कडक राहा. ट्रायटन किंवा पॉलिइथिलिन ग्लायकॉल उरलं असेल तर वर्णपटात ४४ डाल्टनच्या अंतराने शिखरांची रांग लागते आणि तुमचे पेप्टाइड त्याखाली गाडले जातात. एसडीएसही तितकंच वाईट. थंडीत लोकरीचा स्वेटर घालून नमुन्यावर वाकू नका. लोकर म्हणजेही केराटिनच.

पैसे भरण्याआधी लेखी ठरवून घ्या की मूळ रॉ फाइल (यंत्राने नोंदवलेली कच्ची माहिती) तुम्हाला मिळेल. नुसता एक्सेल तक्ता घेऊन परत येऊ नका. त्यातला आकडा कुठून आला हे परीक्षकाने विचारलं की उत्तर रॉ फाइलमध्येच असतं.

सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं का?

नाही. २००८ साली आलेलं मॅक्सक्वांट मोफत आहे, त्याच्या जोडीला संख्याशास्त्रासाठी पर्सियस. मोजक्या पेप्टाइडांची शिखरं नीट निरखायला स्कायलाइन, तेही मोफत. मॅक्सक्वांटमध्ये हेवी खूण लेबलच्या रकान्यातच निवडा, साध्या बदलांच्या यादीत घालू नका, नाहीतर जोड्या लागणार नाहीत.

यंत्राचा खर्च परवडत नाही. तरी शिकता येईल?

येईल, आणि चांगलं शिकता येईल. युरोपियन बायोइन्फॉर्मॅटिक्स इन्स्टिट्यूटच्या प्राइड या भांडारात जगभरच्या प्रयोगांच्या रॉ फाइल कुणालाही उतरवून घेता येतात. लेबल उलटवलेला एखादा छोटा सिलॅक प्रयोग निवडा. शोधनिबंधातले निष्कर्ष बाजूला ठेवून स्वतः मॅक्सक्वांट चालवा. आधी केराटिनची गुणोत्तरं बघा, मग दोन उलट रिप्लिकेटांची गुणोत्तरं आलेखावर एकमेकांसमोर मांडा. खरी बदललेली प्रथिनं एका कर्णावर येतील, घाण दुसऱ्यावर. त्यानंतर तुमची यादी निबंधातल्या यादीशी ताडून पाहा आणि जिथे जुळत नाही तिथले वर्णपट उघडा.